दोन ट्रॉल्या गाळ

आमच्या जालन्याकडे उन्हाळ्यात तळं आटलं की गाळ काढून शेतात पसरतात. वडिलांनी एकदा पसरला, तर कपाशी माझ्या डोक्याच्या वर गेली होती. गाळ म्हणजे सोनं, हे शाळेत जायच्या आधीपासून मला पाठ.

उत्तरेकडे, झिरकपूरच्या मागच्या एका गावातलं तळं उपसायचं काम आमच्या कंपनीला मिळालं, तेव्हा पर्यावरणाची बाजू माझ्याकडे आली. नियम साधा होता. उपसलेला गाळ ताडपत्रीवर ठेवायचा, नमुना तपासायला पाठवायचा आणि अहवाल येईपर्यंत एक घमेलंही हलू द्यायचं नाही. मला पगार मिळत होता तो एवढं बघायचाच.

तळ्याच्या काठी एक म्हातारी राहायची. सगळे तिला बीजी म्हणत, मीही म्हणायचे. मुलांनी बाकीची जमीन फ्लॅटवाल्यांना विकली होती. बीजींनी भाजीचा एक तुकडा तेवढा हट्टानं धरून ठेवला होता. घरात चार वर्षांची नात. बीजी मला रोज स्टीलचा मोठा ग्लास भरून चहा द्यायच्या, आणि नको म्हटलं की चिडायच्या.

एक दिवस ढिगाकडे बघत त्यांनी विचारलं, "बेटा, ये मिट्टी मैं अपने खेत में डाल लूँ?"

तो काळाभोर गाळ बघून मला गाव आठवलं आणि मी शहाणपणा पाजळला. "डाल लो बीजी. हमारे यहाँ तो इसे सोना मानते हैं."

"पक्का?"

"पक्का."

वर दोन ट्रॉल्या मीच भरून पाठवल्या. मेली कसली ती हौस!

अहवाल दोन महिने रेंगाळला. तोवर पालक, मेथी, मुळे असे काही तरारले की बीजी रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून दाखवायच्या. नात खेळता खेळता मुळा उपटायची, फ्रॉकला पुसायची आणि कचाकचा खायची. मला बघून हसू यायचं.

मग अहवाल आला. गाळात शिसं होतं, क्रोमियम होतं, दोन्ही भरपूर. तळ्यात येणाऱ्या नाल्याच्या वरच्या अंगाला पूर्वी धातूला मुलामा द्यायची शेड होती म्हणे, कधीच बंद पडलेली. नाल्याच्या कडेनं अर्धा तास चालत गेले असते तरी कळलं असतं. मी गेले नव्हते. स्वतःची एवढी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले आणि बीजींना सगळं सांगितलं. भाजी उपटावी लागेल, वरची माती खरवडून न्यावी लागेल, चूक माझी आहे. त्या मेथीची जुडी बांधत होत्या. जुडी खाली ठेवून त्यांनी नळावर हात धुतले, पुन्हा धुतले.

"बच्ची ने तो रोज़ खाया है," त्या म्हणाल्या. "उसे कुछ होगा तो नहीं?"

"खून की जाँच करवा लेते हैं, बीजी. मैं साथ चलूँगी."

"वो ठीक है. कुछ होगा तो नहीं? पक्का बोल."



नात वाफ्यात बसून मुळा खात होती. बीजी गेल्या आणि तिच्या तोंडातला घास बोट घालून काढू लागल्या. आजी आपल्याला मारतेय असं वाटून पोर रडायला लागली.