झोराइदेनं वशिंड भाजलं

उबेराबा शहरात बायकांनी भात शिजवायचा, कांदा चिरायचा, आणि मांस पुरुषांनी अंगणात विस्तवावर भाजायचं, असा रिवाज. झोराइदेच्या नवऱ्यानं, अदाउतोनं, तो लग्नापासून निष्ठेनं पाळला होता. दर रविवारी ढेरीवर एप्रन बांधून, बैलाचं वशिंड सळईला टोचून तो असा उभा राहायचा, की वाटावं बिशप आता आशीर्वाद देणार. वशिंड बाहेरून कोळसा व्हायचं आणि आतून हंबरायचं. सगळे 'वा, वा' करत चघळायचे. धाकटा दीर वाल्दिविनो कवळी सांभाळत घास हळूच रुमालात गुंडाळायचा, कुत्र्यासाठी. कुत्राही हल्ली नुसता हुंगून निघून जायचा.

झोराइदे शाळेचे गणवेश शिवायची. जिभेनं फटकळ, पण विस्तवापाशी तिला कुणी फिरकू दिलं नव्हतं.

अदाउतोचा साठावा वाढदिवस तोंडावर आला आणि हा गृहस्थ अँटेना सरळ करायला छपरावर चढून स्वतःच आडवा झाला. मांडीपर्यंत प्लास्टर. पाहुण्यांना तर आमंत्रणं गेलेली.

"वाल्दिविनो भाजेल," तो खाटेवरून म्हणाला.

"त्याला पाणी तापवता येत नाही. मी भाजते. ओव्हनमध्ये."

"ओव्हनमध्ये? अगं, वशिंड आहे ते, केक नव्हे!"

"मग मेणबत्त्या तुझ्या प्लास्टरवर लावू."

रविवारी पहाटेच तिनं वशिंडाला लसूण आणि खडेमीठ चोळलं, चंदेरी कागदात घट्ट गुंडाळलं आणि अगदी मंद आचेवर ठेवलं. मग चर्चला जाऊन संत लॉरेन्सपुढे मेणबत्ती लावली. बिचाऱ्याला जिवंतपणी जाळीवर भाजलं होतं. भाजण्यातलं त्याच्याइतकं कुणाला कळणार? घरी येऊन ती पाय टबात सोडून बसली आणि मग नखं रंगवू लागली.

"उलटवलंस का?" आतून आरोळी.

"उलटवलं!" करंगळीला लाल रंग लावत ती म्हणाली.

"दार उघडून बघ!"

"बघतेय ना!" ती जागची हललीसुद्धा नाही.

पाहुणे जमल्यावर तिनं कागद सोडला, आच वाढवून वरची चरबी लालसर करून घेतली. वशिंड चमच्यानं तुटत होतं. वाल्दिविनोनं तीनदा वाढून घेतलं.

"वहिनी, इतकी वर्षं कुठं होतीस?"

"भांडी घासत होते."

ताट खाटेवर गेलं. अदाउतोनं घास तोंडात ठेवला. चावायची गरजच पडली नाही. मग तो बाहेर ऐकू जाईल असा ओरडला, "बघितलंत? मी सांगितलं तसंच केलं तिनं!"

झोराइदेचं डोकं भडकलं. तिनं आत जाऊन त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं.

"अगं, खातोय ना मी!"

"पुढचं टेबलावर येऊन खा. आणि जे खरं आहे ते सगळ्यांसमोर बोल."

कुबड्या आपटत, शिव्या घालत साहेब टेबलापर्यंत आले. सगळे बघत राहिले. कान लाल झाले तरी अदाउतो शेवटी बोलला: "झोराइदेनं केलंय. मला काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर बिघडलं असतं. वाढ आता, बाई!"

तिनं वाढलं, चरबीचा सगळ्यात चांगला तुकडा बघून.

प्लास्टर निघालं. अंगणात तो आता फक्त सॉसेज भाजतो, तीही करपवतो. वशिंड मात्र झोराइदेचं. कुणी कृती विचारली की ती सांगते, "मीठ चोळायचं, घट्ट गुंडाळायचं, मग त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही. नवऱ्याकडेही नाही."