डब्यातली शेवटची स्लाइड

मी मुळातच भित्री. कुकरची शिट्टी जरा लांबली तरी स्वयंपाकघराबाहेर जाऊन उभी राहते. बरकतपुऱ्याच्या आमच्या घरात कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग आबिड्सच्या बाजारातून स्कॅनर आला, तेव्हा त्याला हात लावायला मला आठ दिवस लागले. ते दिवसच तसे होते. दर चौथ्या घरावर कॉम्प्युटर क्लासची पाटी, आणि ज्याला बघावं तो अमेरिकेच्या गोष्टी करणारा. मी शाळेत गणित शिकवायची आणि संध्याकाळी पोरांच्या रांगेत बसून माऊस धरायला शिकले होते.

पण आईला घाई होती. तिच्या डाव्या डोळ्याचा पडदा खराब झाला होता. त्या डोळ्यानं तिला समोरच्याचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, मधला चेहरा मात्र दिसायचा नाही. कोठी भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्यातही हे कधी ना कधी होईल, आणि सुरुवात अशीच मधून होईल. आई घरी आली, चप्पल काढली, कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"यात तुझा दादा आहे," ती म्हणाली. "दिसतंय तोवर एकदा मोठा करून दाखव."

दादा माझ्या जन्माआधीच गेला, तीन वर्षांचा असताना, तापानं. एवढ्याशा लेकराला हार घालायचा का, म्हणून बाबांनी त्याचा फोटो भिंतीवर कधी लावू दिला नाही. तसा फोटोही एकच होता. बाबांच्या परदेशातून आलेल्या मित्रानं पब्लिक गार्डनमध्ये काढलेली, पुठ्ठ्याच्या चौकटीतली एक स्लाइड. स्लाइडला निगेटिव्ह नसते. हातातला तो पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरासा मोठा तुकडा, संपलं. मला तर डबा उघडतानाच घाम फुटला.

डब्यात बाकीच्या चाळीसेक स्लाइडही होत्या, बाबांनी नंतर स्वतः कॅमेरा घेतल्यावरच्या. मी त्या आधी करायला घेतल्या. दादाची शेवटी. हात बसू दे आधी, असं आईला सांगितलं, पण खरं म्हणजे धीर होत नव्हता. ब्रशनं धूळ झटकायची, स्लाइड काचेवर ठेवायची, दिवा असलेलं झाकण लावायचं आणि पडद्यावर चित्र वरून खाली उतरेपर्यंत श्वास रोखून बसायचं. प्रत्येक स्लाइडच्या कडेला बुरशीचे धागे होते. एकीत माझा फ्रॉक खाल्लेला, एकीत बाबांची स्कूटर. दर वेळी मनात यायचं की याच्याच शेजारी दादा इतकी वर्षं पडून आहे.

एका रविवारी दुपारी आई शेजारी हळदीकुंकवाला गेलेली बघून मी ती शेवटची स्लाइड लावली. आधी झाडं उतरली. मग झोपाळ्याच्या साखळ्या. मग चेहरा यायच्या जागी एक पांढरा गोल आला. त्याच्या खाली पट्ट्यापट्ट्यांचा सदरा, गुबगुबीत हात, पायात एकच बूट. गोलाची कड लालसर होती. बुरशी अशी गोल नसते, आणि लाल तर नसतेच.

मग मला आठवलं. मी सात-आठ वर्षांची असताना एका सकाळी देवघरात गेले होते. आई पाटावर बसलेली, मांडीवर हाच डबा, करंगळीशेजारचं बोट कुंकवानं ओलं. "जा, दूध बघ," ती म्हणाली होती. दूध तेव्हा गॅसवर नव्हतंच. त्या दिवशी दादाचा वाढदिवस होता, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे दर वाढदिवसाला आई त्याला टिळा लावत होती आणि मग ओल्या फडक्यानं पुसत होती. त्याचं अख्खं डोकं हरभऱ्याच्या दाण्याएवढं. बोट टेकलं की चेहरा झाकला जाणार, पुसलं की थोडा निघून येणार. तीस-पस्तीस वाढदिवसांत सगळाच निघून आला होता, आणि एवढ्याशा तुकड्यात आईला ते कळलंही नसणार.

बुरशीनं खाल्ला असता तर मी खुशाल सांगितलं असतं. हे कुठल्या तोंडानं सांगू? मी कॉम्प्युटर बंद करायला गेले, तोवर आई दारात.

"झाला का गं तो?"

नाही म्हणायलाही मला भीती वाटली. ती खुर्चीवर बसली, डावा डोळा हातानं झाकला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लागेल इतकी पुढे झाली. बराच वेळ बघत राहिली.

"सदरा दिसतोय," ती म्हणाली. "मीच शिवलेला. बूटही दिसतोय, दुसरा त्यानं फेकला होता." मग तिनं डोळा चोळून पुन्हा बघितलं. "चेहरा नाही दिसत गं. या डोळ्यातही सुरू झालं."

तुझा डोळा चांगला आहे, हे चार शब्द बोलले असते तर तिची भीती तिथेच गेली असती. पण पुढचा प्रश्न आला असता, मग चेहरा कुठे गेला. मी गप्प बसले. धडधडीत गप्प बसले.

"तुला दिसतो ना?" तिनं विचारलं. "सांग की, कसा आहे?"

ज्याला कधी पाहिलंच नाही त्याचा चेहरा मी सांगत बसले. हसतोय म्हणाले. कपाळावर केस आलेत, डाव्या गालाला खळी आहे. आई मान हलवत ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मला कोठीला नेलं. मी वाटेत देवाला काय काय बोलले ते माझं मला माहीत. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात दिवा घालून नीट बघितलं. "अम्मा, परेशान मत हो," ते म्हणाले. "ये आँख तो पैलेसरखीच है. कुछ नै हुआ."

आनंदाची बातमी होती, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी आणि आई रिक्षात बसलो. मी बाहेर बघत होते, तिच्याकडे बघायची छाती नव्हती. थोड्या वेळानं बघितलं तर ती उजवा हात मांडीवर उघडा ठेवून बसली होती. करंगळीशेजारचं बोट डोळ्यांपुढे धरलं, अंगठ्यानं चोळलं, मग पदरात गुंडाळून घेतलं. मला रडू फुटलं.

"रडू नकोस," ती म्हणाली. रिक्षा काचीगुड्याच्या वळणावर आली होती. "काल सांगितलंस ते पुन्हा सांग. कसा हसत होता?"

मी सांगितलं. खळी डाव्या गालाला म्हणाले होते की उजव्या, या भीतीनं एकेक शब्द जपून सांगितला.