रणगाड्यातला माणूस

शेजारचे निवृत्त सुभेदार काका सैन्यात रणगाडा चालवायचे. वर्षभर खपून त्यांनी रिमोटवर चालणारा हातभर लांब रणगाडा बनवला. झाकणातून डोकं बाहेर काढणारा बोटाएवढा चालकही स्वतः कोरला. सोसायटीच्या प्रदर्शनात रणगाडा घरघरत निघाला, तसे संयोजक म्हणाले, "काका, फोटोपुरतं ते बाहुलं काढा. रुबाब जातो."

"अहो, आत माणूस असतो," काका म्हणाले.

माझं डोकं भणाणलं. तोफेला आम्ही टाळ्या वाजवतो. पण त्या तापलेल्या लोखंडात कुणी घामाघूम होऊन बसलेलं असतं, हे कुणाला बघायचंही नसतं. मी संयोजकांशी भांडलो. काका चालकाला खिशात घालून, रणगाडा तिथेच ठेवून घरी निघून गेले.

फोटो निघालाच. सोसायटीच्या फलकावर तो लागलाय. रणगाड्यामागे संयोजक हसत उभे आहेत. त्यात चालक नाही, आणि काकाही नाहीत.