घाबरट सिस्टर

आमच्या सिस्टर इतक्या घाबरट होत्या की त्यांना आरोग्य केंद्रात नोकरी दिली कुणी, याचंच सगळ्यांना नवल वाटायचं. लिफ्टमध्ये त्या एकट्या चढत नसत. लायब्ररीच्या गच्चीवरची माकडं खाली उतरली की औषधांच्या खोलीचं दार आतून लावून घेत. पाल दिसली तर समोरच्या पेशंटला तसाच सोडून बाहेर पळत. आणि या सगळ्याची त्यांना जराही लाज वाटत नसे. मला चहात साखर कमी लागते, असं सांगावं इतक्या सहज त्या सांगत, "मला बाई भीती वाटते."

दिल्लीतल्या आमच्या विद्यापीठाचं आरोग्य केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक बाक. दारावर 'वेलनेस सेंटर' असा नवा चकचकीत बोर्ड लागला होता, बाक मात्र जुनाच होता. डॉक्टर सकाळी दोन तास येत, समुपदेशक मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी. उरलेला सगळा वेळ सिस्टरच. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. यजमान फौजेत, म्हणून दिल्ली कॅन्टोन्मेंटला आल्या. ते निवृत्त होऊन गावी परतले, तरी या नोकरीसाठी बाई इथेच राहिल्या.

मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर गेले तेव्हा पीएचडीचं पाचवं वर्ष चालू होतं. प्रबंधाचं चौथं प्रकरण अडलं होतं आणि गाइडची ईमेल उघडायचं मी बंद केलं होतं. विद्यापीठाजवळच्या मुनिरका वस्तीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत फोन नुसता वाजला तरी छातीत धडधड व्हायची, हातांना मुंग्या यायच्या. एका सकाळी तर वाटलं, आता हृदयच बंद पडणार. तशीच रिक्षा करून केंद्रात गेले. सिस्टरनी दंडाला पट्टा बांधला, बीपीचा आकडा पाहिला आणि पांढऱ्या पडल्या त्याच. "अगं बाई, एकशेसाठ! थांब, आधी मी पाणी पिते." त्या खरंच प्यायल्या, मग मला ग्लास दिला. चार महिने जो तो मला "काही होत नाही, रिलॅक्स यार" म्हणत होता. माझ्यासाठी घाबरणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी बाकावर बसून हमसून हमसून रडले. डॉक्टरांनी तपासून हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि मला शुक्रवारी समुपदेशक मॅडमकडे यायला बजावलं.

सिस्टरकडे एक वही होती. आलेल्यांची नोंद कंप्यूटरवर होत असे. या वहीत त्या फक्त न आलेल्यांची नावं लिहीत. बोलावलेला विद्यार्थी आला नाही की त्या फोन करत. दोनदा फोन उचलला नाही की पर्स काखेला मारून त्याच्या खोलीवर थडकत. हे त्यांचं काम नव्हतं, उलट त्यावरून वरिष्ठांची बोलणी बसत. मी एकदा कारण विचारलं. काही वर्षांपूर्वी एक संशोधक मुलगा तापासाठी बोलावलेला असताना आला नव्हता. "मी म्हटलं, येईल उद्या. डेंग्यू होता गं. खोलीत एकटा पडून होता. हॉस्पिटलात नेला तोवर उशीर झाला." एवढं बोलून त्या कापसाचे बोळे करत बसल्या. त्या दिवसानंतर मी त्यांच्या घाबरटपणाला हसले नाही.

अर्थात त्या पहिल्या शुक्रवारी मी गेलेच नाही. सोमवारी दुपारी सिस्टर माझ्या दारात उभ्या. मुनिरकातले ते अंधारे तीन जिने, डोक्यावर लोंबणाऱ्या वायरी, दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रा. त्या घामाने भिजल्या होत्या. "बिल्कुल जीव गेला माझा," असं म्हणून त्या माझ्या गादीवर बसल्या. "आता सांग. खरी गोष्ट काय आहे?"

आणि जे डॉक्टरांना, मैत्रिणींना, कुणालाही सांगितलं नव्हतं ते मी त्यांना सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी मी घरी खोटं बोलले होते. बाबा रोज "सबमिट कधी?" विचारायचे. एक दिवस वैतागून म्हटलं, केला. वाटलं होतं, पंधरा दिवसांत करूनच टाकीन. पण सबमिट केलेला प्रबंध नुसता पडून राहत नाही, पीएचडीच्या पायऱ्या मला तोंडपाठ होत्या. मग तो परीक्षकांकडे गेला. मग एक रिपोर्ट आला, मग दुसरा. दोन्ही चांगले होते! खरा प्रबंध चौथ्या प्रकरणात रुतून बसलेला आणि खोटा मात्र एकेक टप्पा वेळेवर पार करत होता. शेवटी व्हायवाची तारीखही मीच देऊन बसले. खुली मौखिक परीक्षा असते, घरचे बसू शकतात, हे कौतुकाने मीच कधीतरी सांगितलेलं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी ओळखीने कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात खोली घेतली, रेल्वेचं तिकीट काढलं. सांगलीत पेढे वाटून झाले होते. आणि इकडे माझी नोंदणीच महिनाअखेर संपत होती.

सिस्टर ऐकता ऐकता दोनदा "अरे देवा" म्हणाल्या. सल्ला दिला नाही. "फार भीतीदायक आहे हे," त्या म्हणाल्या. "पण या दोन वेगवेगळ्या भीती आहेत. आधी गाइडची करू. बाबांची नंतर."

आजारपणामुळे सहा महिन्यांची मुदतवाढ मिळते, हे त्यांना माहीत होतं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट त्यांनी मिळवलं, पण अर्जावर गाइडची सही लागणार होती. दुसऱ्या दिवशी आम्ही विभागात गेलो. लिफ्ट टाळून पाच मजले चढलो. सरांच्या दाराशी मी मागे सरले, तेव्हा सिस्टरनी माझा हात धरला. तो माझ्यापेक्षा गार होता. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "चार महीने से कहाँ थीं आप?" मी नुसता अर्ज पुढे केला. तेव्हा सिस्टर कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "सर, इसका बीपी मैंने खुद लिया है. डाँटना है तो अगले हफ़्ते डाँटिए, आज साइन कर दीजिए." सरांना असं कुणी कधी बोललं नसावं. त्यांनी अर्ज वाचला, सही केली आणि पुढच्या आठवड्यात ठरल्याप्रमाणे मला मनसोक्त झापलंही. पण मुदत मिळाली होती.

राहिले बाबा. सिस्टर म्हणाल्या, "ते येतील त्या दिवशी मी येते तुझ्यासोबत." ते मात्र व्हायचं नव्हतं. केंद्राचं काम एका खासगी कंपनीकडे गेलं. आता विद्यार्थ्यांनी मोबाइलवर फॉर्म भरायचा, भीती एक ते दहापैकी किती ते नोंदवायचं, की समुपदेशक व्हिडिओवर येणार. सिस्टरचं कंत्राट वाढवलं नाही. बाबांची गाडी यायच्या चार दिवस आधी त्या गावी निघाल्या. स्टेशनवर त्यांना सोडायला गेले तेव्हा मला त्यांचा चक्क राग आला होता. मला अशा वेळी टाकून चालल्या! त्यांना तो दिसला असणार. "तू मला फोन कर," एवढंच म्हणाल्या.

बाबा आले त्या सकाळी मी अतिथिगृहासमोरच्या फुटपाथवर अर्धा तास उभी होते. हातांना पुन्हा मुंग्या. मनात आलं, मागे वळावं, मेट्रो धरावी आणि फोन कुठेतरी फेकून द्यावा. मग त्याच फोनवरून सिस्टरना लावला.

"मीपण इथे पाण्याचा घोटही न घेता बसलेय," त्या म्हणाल्या. "असं कर. फोन चालू ठेव आणि पर्समध्ये टाक. मी ऐकणार नाही, टीव्ही लावते. फक्त असेन."

बाबांनी दार उघडलं. नवा कोट घातला होता, उद्याच्या व्हायवासाठी शिवलेला. बसतो का ते बघत होते. मला पाहून हसले. मी उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं. आत गेले असते तर सांगितलंच नसतं. कोटाच्या बाह्या लांब होत्या, मी त्या बाह्यांकडेच बघत बोलत राहिले. बाबांचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं, ते फार वाईट होतं.

"रिपोर्ट आले म्हणालीस," ते म्हणाले. "दोन्ही चांगले."

"मीच रचले होते, बाबा."

त्यांचा चेहरा लाल झाला. "मी सगळ्या गावाला सांगितलंय! सगळ्या!" त्यांचा आवाज पार खालपर्यंत गेला असेल. मग ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मी चौकट घट्ट धरून ठेवली होती.

"आठ महिने," ते खिडकीकडेच बघत म्हणाले. "आठ महिने हे घेऊन एकटी राहत होतीस? त्या खोलीत?"

"शेवटी शेवटी एकटी नव्हते," मी म्हटलं आणि पर्समधून फोन काढला. फोन चालूच होता. पलीकडे टीव्ही नव्हता, काही नव्हतं, फक्त कुणीतरी श्वास घेत होतं.

"कोण आहे?" बाबांनी विचारलं.

"सिस्टर. आमच्या केंद्रातल्या."

बाबांनी हात पुढे केला. उभ्या आयुष्यात मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. धरणाच्या दारांवर पुराच्या दिवसांत उभा राहिलेला माणूस. त्यांनी फोन कानाला लावला.

"मी हिचा बाप बोलतोय," ते म्हणाले. "ताई, मला फार भीती वाटतेय हो."

सिस्टर काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. बाबा मात्र "हो… हो…" करत ऐकत राहिले, आणि ऐकता ऐकता मोकळ्या हाताने त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.