सात वेळा मेलेले महबूबभाई

म्हातारपणी महबूबभाई तेरखेड्याला लेकीकडं राहायला गेले होते. तिथून शबानाचा फोन आला, "अप्पाचाचा, अब्बा गेले." खरं सांगतो, माझ्या तोंडून आधी निघालं, "नीट बघ, उठतील." पोर पलीकडं रडत होती आणि मी असलं काहीतरी बोललो... पण ज्या माणसाला या डोळ्यांनी सात वेळा मरताना आणि सातही वेळा उठून छातीवरची काकवी पुसताना पाहिलं, त्याच्या मरणावर एकदम विश्वास कसा बसावा? याला आता दीड महिना झाला.

महबूबभाई शोभेची दारू करायचे. त्यांच्या आतषबाजीच्या झाडांशिवाय आणि नळ्यांशिवाय आमच्याकडं वरात निघायची नाही. मी शेजारचा किराणा दुकानदार, त्यांच्याहून पाच-सहा वर्षांनी धाकटा. मराठवाडा महाराष्ट्रात आला, त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. मुंबईची एक सिनेमा कंपनी चंद्रावरच्या लढाईचा पिक्चर काढायला आली. आमचा उघडाबोडका माळ त्यांना हुबेहूब चंद्रासारखा वाटला. याचा अभिमान धरावा का राग, हे आम्हाला कळेना! त्यांचा दारूकाम करणारा माणूस आजारी पडून परत गेला आणि डायरेक्टरसाहेब महबूबभाईंना शोधत आले.

चंद्रावरच्या राजाचं किरणयंत्र म्हणून त्यांनी एक रंगवलेलं लाकूड दाखवलं. महबूबभाई म्हणाले, "ह्यानं तर शेळीबी मरायची न्हाय." घरी जाऊन स्वतःच्या लग्नातली गुलाबदाणी घेऊन आले. तिला सायकलचा पंप जोडला, आत दारूची चिमूट आणि तोंडाशी पेटती वात ठेवली. पंप दाबला की लखकन उजेड आणि वर निळसर धूर. मुंबईकरांनी टाळ्या वाजवल्या. भाभी मात्र आठ दिवस बोलल्या नाहीत.

रक्ताचं काम सोपं नव्हतं. भाईंनी साखरेच्या पाकात गुलाल कालवून असलं लालभडक रक्त केलं की मी चार पावलं मागं सरलो. कॅमेरावाला हसला. पिक्चर काळापांढरा, तुमचं लाल पडद्यावर फिक्कं दिसेल, म्हणाला. भाईंचं तोंड एवढंसं झालं. मग मला आठवलं, दुकानात ढोकीकडच्या गुऱ्हाळातली काकवी पडली होती, काळसर आणि दाट. डबाच उचलून नेला. अस्सल रक्त दिसलं! पण दहा मिनिटांत चंद्रावर माशा घोंगावायला लागल्या, आणि मरून पडलेला आमचा नामदेव, रोजानं आलेला गडी, कॅमेऱ्यासमोर ओठ चाटायला लागला. साहेब डोक्याला हात लावून बसले. भाईंनी काकवीत कडुलिंबाचा रस पिळला, तेव्हा कुठं नामदेव नीट मेला.

खरा पेच पुढं आला. किरण लागताच नामदेवची छाती फुटायची होती. भाईंनी चपलेच्या तळाचं जाड चामडं त्याच्या छातीला बांधायचं ठरवलं. त्यावर दारूची चिमूट आणि वर काकवी भरलेली बकऱ्याची मूत्रपिशवी. साहेबांचं तेवढ्यानं भागेना. "दारू चौपट करा. लोकांनी किंचाळलं पाहिजे."

"न्हाय जमणार," भाई म्हणाले. "साहेब, तुमच्या पिक्चरमधी मेलेला माणूस संध्याकाळी घरी भाकर खायाला गेला पाहिजे."

"मग उद्यापासून येऊ नका."

भाईंनी शांतपणे गुलाबदाणी काखेत मारली. "यंत्र माझ्या लग्नातलं हाय." आणि चालायला लागले! साहेबांची अशी जिरली की काय सांगू. शेवटी दारू न वाढवता तसाच स्फोट दाखवायला भाईंना एका दिवसाची मुदत मिळाली.

तो दिवस मी विसरणार नाही. भाईंनी चामडं स्वतःच्या छातीला बांधलं आणि त्यांच्या अंगणात सहा वेळा मेले. दर वेळी मी धावत जाऊन सदरा उघडून बघायचो. "घाबरतोस काय, अप्पा? काकवी पूस," असं म्हणून ते पुन्हा तयार. दारू त्यांनी वाढवलीच नाही. सदऱ्याचं कापड आतून ब्लेडनं विरळ केलं, काकवी दुप्पट केली. सहाव्या वेळी सगळी छातीच बाहेर आली असं दिसलं. मी ओरडलोच.

दुसऱ्या दिवशी नामदेवची बायको माळावर येऊन उभी राहिली. "माझ्या मालकाला म्या मरू देणार न्हाय." भाईंनी वाद घातला नाही. तिच्यासमोर सातव्यांदा मेले, उठले, सदरा काढला आणि म्हणाले, "बघ बहिणी, कुठं लागलंय?" तिनं निरखून बघितलं, मान हलवली. मग तेच चामडं बांधून नामदेव मेला, एकाच टेकमध्ये.

पिक्चर आमच्याकडं तंबूत लागला. महबूबभाईंचं नाव पडद्यावर कुठंच आलं नाही. मी चिडलो. ते पडद्याकडं बघतच नव्हते, लोकांकडं बघत होते. छाती फुटली तसे मोठमोठे गडी ओरडले, आणि त्यांच्यात नामदेवची बायको नवऱ्याशेजारी शेंगदाणे खात बसली होती. "नाव काय करायचंय, अप्पा? ते दोघं बघ," भाई म्हणाले. असा कारागीर माझा शेजारी होता, हे मी आजही कुणालाही छाती पुढं काढून सांगतो.

मातीला गेलो तेव्हा शबानानं ते चामडं माझ्या हाती दिलं. पुढून आठ ठिकाणी जळालेलं, सात डाग भाईंचे आणि आठवा नामदेवचा, मागून कोरं. दुकानात खिळ्याला अडकवलंय. परवा नामदेव आला. आता काठी लागते त्याला. चामड्यावरच्या एकेका डागावरनं बोट फिरवलं, मग म्हणाला, "एकदा बांध की रं."

मी बांधलं. छातीवर हात ठेवून तो बाकड्यावर बसून राहिला. दिवस कलला तसं त्यानं स्वतःच गाठ सोडली, चामडं माझ्या हातात दिलं आणि काठी घेतली.

"चलतो, अप्पा. घरी म्हातारी भाकरीला खोळंबली असल."