धाग्याची जाळी आणि झेंडूचा हार

"विजयश्री, आजही धागा गुळगुळीतच!"

विभागप्रमुख योगिनी मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून डोकं उचललं.

विजयश्री मूळची परभणीची. राहते चऱ्होलीला, कामाला चाकणच्या एका फिल्टर कंपनीत. आधी पॅकिंगला खोकी चिकटवायची. आता या मशीनवर. दिवाळीपर्यंत जमलं तर मशीन कायमचं तिचं, नाहीतर परत खोकी! मशीन मोठं नखरेल. सुईतून पातळ रसायन येतं, विजेच्या ओढीनं केसाहून बारीक धागा होतो आणि ड्रमवर जाऊन बसतो. हवेत ओल असली तर सुकता सुकता धाग्यावर दव धरतं. ते उडालं की छिद्रं राहतात, धिरड्याला जाळी पडावी तशी. ही जाळीच पडेना, आणि दुपारी गिऱ्हाईक नमुना बघायला यायचं होतं.

पॅकिंगचा सुपरवायझर रणजीत, इथलाच गाववाला, दारातून डोकावला. "काय ताई, खोकी वाट बघत्यात. येताय न्हवं?"

"खोक्यांना म्हणावं, जेवून घ्या!"

मॅडमनी वीज वाढवून पाहिली. सुई लांब नेली. धागा जाड-बारीक झाला, पण जाळी नाहीच.

"ओल तर मीटर भरपूर दाखवतंय," मॅडम भिंतीकडे बघत पुटपुटल्या.

"मग माझी ओढणी अंगाला का चिकटायलीय? दाराला हात लावला की चटका बसायलाय. हवा कोरडी ठणठणीत आहे, मॅडम!"

मीटरचा कान, म्हणजे ओल टिपणारा सेन्सर, मशीनमागे होता. विजयश्री वाकली, आणि गारच पडली. त्यावर तिचाच झेंडूचा हार! खंडेनवमीला घातलेला. तो टवटवीत राहावा म्हणून ती रोज त्यावर पाणी शिंपडत होती. मीटरला वाटलं, ओलच ओल. त्यानं खोलीत ओल सोडणारं वाफेचं यंत्र चालूच होऊ दिलं नाही.

गुपचूप ओढून काढावा? ओढणीखाली सहज मावला असता. पण दारात रणजीत उभाच.

त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "मॅडम... मीटरला हार मीच घातलाय. रोज पाणीबी घालते."

"पाणी?"

"दिवाळीपर्यंत टिकावा म्हणून. मशीन मिळावं म्हणून."

रणजीत खो खो हसला. "म्हंजी मीटरची आंघोळ, आन मशीन पारोसं!"

मॅडमनी ओठ दाबून धरले. "काढ आधी!"

हार निघाला, कान पुसला. जरा वेळानं यंत्र फुसफुसलं, खोलीत धुकं पसरलं. नवा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेला. मॅडम भिंग फिरवतच राहिल्या.

"सांगा की, मॅडम! जीव चाललाय माझा."

"ये, बघ तुझं धिरडं."

जाळीच जाळी!

"मग... मशीन?"

"तुझंच. आता येऊ दे गिऱ्हाईक! दिवाळीची वाट कशाला? पण पुढच्या वर्षी पूजा माझ्यासमोर."

विजयश्रीनं ओला हार रणजीतपुढे धरला. "घ्या, तुमच्या वजनकाट्याला घाला."

"नगं बाई!" तो दोन पावलं मागं सरला. "खोकी जड भरतील!"