दुपारी दोनला बंद पडणारा सर्व्हर

काल मुलाने जुना कॉम्प्युटर उघडला, तापलेल्या धुळीचा वास आला आणि मला बहारीन आठवलं. नव्वदच्या दशकात मी तिथल्या मीना सलमान बंदरातल्या एका गोदामाच्या ऑफिसात इंजिनीयर होतो.

तिथला सर्व्हर रोज दुपारी दोनच्या सुमारास बंद पडायचा. त्या वेळी सर्व्हरच्या खोलीत फक्त आमचा ऑपरेटर कांबळे असायचा. त्याची लीव्ह नुकतीच नाकारली होती, म्हणून तोच मुद्दाम करतोय अशी माझी खात्री झाली. मी मॅनेजरच्या कानावर घातलं आणि कांबळेकडून खोलीची किल्ली काढून घेतली. दुसऱ्या दिवशी कुलूपबंद खोलीत सर्व्हर पुन्हा बंद पडला.

मी दार उघडलं तेव्हा कांबळे मागे उभा होता. "सर, मशीनला हात लावून बघा. भाजतंय."

एसीच्या झोतासमोर पुठ्ठा होता. सकाळी तिथे बसताना मानेला गार वारा लागतो म्हणून तो मीच लावला होता.

मी पुठ्ठा काढला आणि किल्ली त्याच्यापुढे धरली.

"राहू द्या तुमच्याकडेच," तो शांतपणे म्हणाला. "उद्या परत बंद पडला तर पुन्हा माझंच नाव येईल."

तेव्हा मला तो उर्मटपणा वाटला होता. आज वाटतं, साधं 'चुकलो' म्हणायलाही मला जमलं नाही.